बेबाकीनंतरचा स्नेह

ज्या मनुष्याला त्याचा काही अपराध नसताना नोकरीवरून कमी करण्यात आले आहे, त्याच्या हितचिंतकांकडून त्याला मिळणारा पहिला उपदेश बहुधा असा असतो की, झाले गेले विसरावे, मनात कडवटपणा धरू नये, आणि जुन्या मालकाशी असलेला संबंध बिघडू देऊ नये. पुढेमागे त्यांच्याकडे केव्हा काम पडेल याचा नेम नाही. हा उपदेश खोटा नाही. तथापि तो ज्या सहजतेने दिला जातो ती सहजता मात्र मला नेहमी खटकत आली आहे. कारण ज्याने संबंध तोडला त्याला कोणी काही सांगायला जात नाही, आणि ज्याचा तोडला गेला त्याच्याच डोक्यावर तो सांभाळण्याची जोखीम ठेवली जाते. संबंध ठेवावा की न ठेवावा, एवढाच प्रश्न असता तर त्याला एका वाक्यात उत्तर देता आले असते, ठेवलेला बरा. खरा प्रश्न तो कोणत्या पायावर ठेवावा हा आहे, आणि त्यासंबंधी माझे म्हणणे असे आहे की, देण्याघेण्याचा हिशेब पुरता चुकता झाल्यावाचून जो सलोखा राखला जातो तो सलोखा नसून अर्जदारी असते, आणि अर्जदारीने ना मान मिळतो ना काम.

या उपदेशामागची व्यवहारदृष्टी आधी मान्य करून टाकू. कोणताही व्यवसाय बाहेरून कितीही विस्तीर्ण दिसला तरी आतून तो एखाद्या पेठेएवढाच असतो. भोसरीच्या कारखान्यात काल जो खरेदी-अधिकारी होता तो उद्या चाकणच्या कारखान्यात मुख्य होतो, आणि ज्याला आपण कायमचे मागे टाकले असे समजतो तोच मुलाखतीच्या मेजापलीकडे येऊन बसतो. नवा मालक नेमणुकीपूर्वी जुन्या ठिकाणचे कार्यमुक्तीचे पत्र मागतो, तेथील मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करतो, आणि काही वेळा कागदावर न उमटणारी चौकशी एका फोनवर उरकतो. शिवाय दहापंधरा वर्षांच्या नोकरीत मनुष्य जे शिकला ते त्या ठिकाणीच शिकला; ती जागा शिव्याशापांनी पुसून टाकायची म्हटले तर स्वतःच्या कर्तृत्वाचा एक मोठा भाग तिच्याबरोबर पुसला जातो. म्हणून केवळ सूड म्हणून धरलेला अबोला हा बव्हंशी आपल्याच पदरचा खर्च असतो, आणि मालकाच्या खतावणीत त्याची नोंदही होत नाही.

इतके मान्य केल्यावर प्रश्न उरतो की, ज्याच्याशी संबंध ठेवायचा तो ‘जुना मालक’ म्हणजे नेमका कोण? ज्या खुर्चीने कपातीच्या यादीवर सही केली ती खुर्ची, की ज्या वरिष्ठाने खाली मान घालून ते पत्र हाती दिले तो मनुष्य, की जेथे आपले नाव अजून कोणत्या तरी नोंदवहीत पडून आहे ते दप्तर? आपण या तिघांना एकच समजतो, आणि तेथेच घोटाळा होतो. मग एकतर संस्थेवरचा राग माणसावर काढला जातो, नाही तर माणसाच्या भिडेपोटी संस्थेकडचे न्याय्य येणे सोडून दिले जाते. संस्थेला कृतज्ञता नसते, तसा आकसही नसतो. तिला असते ते केवळ दप्तर. माणसांना मात्र लाज असते, स्मरण असते, आणि क्वचित पश्चात्तापही असतो. म्हणून दप्तराशी वागायचे ते कागदाने आणि माणसांशी वागायचे ते माणुसकीने, हा भेद ज्याने पहिल्या दिवसापासून पाळला त्याचे पुढचे निम्मे क्लेश वाचतात.

दप्तराशी असलेला संबंध नोकरी सुटली म्हणून सुटत नाही, याचे मुंबईच्या गिरणगावाइतके जळजळीत उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही, आणि हजारो कामगारांच्या बाबतीत नोकरी संपल्याची तारीख कोणती हेही धड कोणी सांगितले नाही. पुढे बंद गिरण्यांच्या जमिनींच्या विकासातून कामगारांना घरे देण्याचे ठरले, तेव्हा 1 जानेवारी 1982 रोजी वा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो हे सिद्ध करण्याची पाळी त्या कामगारांवर किंवा त्यांच्या वारसांवर आली. मग कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांतल्या पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या. गिरणीचे तिकीट, लाल पास, हजेरीपत्र, सर्व्हिस सर्टिफिकेट, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, असे जे जे म्हणून त्या बंद पडलेल्या सांच्यांशी नाते सांगू शकेल ते ते शोधले गेले. ज्या गिरणीने मनुष्याला वाऱ्यावर सोडले होते तिच्याच एका जीर्ण चिठ्ठीवर त्याच्या नातवंडांच्या छपराचा निर्णय ठरावा, यात दैवाचा उपहास आहे हे खरे; परंतु त्यात एक धडाही आहे. संतापाच्या भरात जुन्या नोकरीचे कागद फेकून देणारा मनुष्य मालकावर सूड उगवीत नाही, तो आपलाच पुरावा नष्ट करतो.

आता हिशेबाचा मुद्दा. आपल्याकडे सुशिक्षित मध्यमवर्गात असा एक समज दृढ आहे की, जाताना पैशाची भाषा करणे हे असभ्यपणाचे लक्षण होय. उपदान किंवा ग्रॅच्युइटी अडली तरी दोनदा विचारू नये, नोटिशीचा पगार कमी आला तरी ‘जाऊ द्या’ म्हणावे, आणि बदल्यात मालकाची मर्जी शाबूत ठेवावी. हा समज ज्याने प्रथम प्रसृत केला तो नोकर नसावा, एवढे खास. ज्या गोष्टी कायद्याने नेमून दिल्या आहेत त्या मागणे ही कुरापत कशी होईल? औद्योगिक विवाद अधिनियम 1947 मध्ये 1953 साली घातलेल्या तरतुदींनी असे ठरवले की, किमान वर्षभर सलग सेवा केलेल्या कामगाराला कमी करायचे तर त्याला एक महिन्याची कारणांसह लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या पुऱ्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिले पाहिजे. आणि सामान्यतः जो शेवटी आला त्याला आधी कमी केले पाहिजे. 1972 च्या उपदान अधिनियमाने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि ती देय झाल्यापासून तीस दिवसांच्या आत चुकती करण्याचे बंधन मालकावर घातले. 2019 च्या वेतन संहितेने तर कमी केलेल्या माणसाचे राहिलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे असे म्हटले आहे. संसदेने ज्याला देणे म्हटले त्याला आपण मेहेरबानी म्हणत बसलो, तर ती विनयशीलता नव्हे, ते अज्ञान होय.

आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी ही भीड घातकच ठरते. ज्याचे येणे बाकी आहे असा मनुष्य जुन्या साहेबांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो तेव्हा त्या शुभेच्छांच्या पोटात तगादा दडलेला आहे हे साहेबही ओळखून असतात, आणि म्हणून ते उत्तर टाळतात. ते उत्तर टाळतात म्हणून याचे मन अधिकच आंबते, आणि दोन वर्षांनी ज्या संबंधासाठी येणे सोडले होते तो संबंधही उरत नाही. आपल्या गावांतून एकत्र कुटुंबांच्या वाटण्या होत आल्या आहेत. ज्या भावांनी बांध घालून, पंचांसमक्ष वाटणीपत्र करून आपापले हिस्से वेगळे केले ते एकमेकांच्या घरच्या लग्नांत पुढे होऊन राबताना दिसतात; आणि ज्यांनी ‘आपल्यात कागद कशाला’ म्हणून तोंडी भागवले त्यांची तिसरी पिढी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत असते. नोकरीच्या फारकतीचे शास्त्र याहून निराळे नाही. बेबाकीची पावती हातात पडली म्हणजे दोन्ही पक्ष मोकळे होतात, आणि मोकळ्या माणसांनाच एकमेकांशी निर्हेतुक बोलता येते.

इतिहासात अशा बडतर्फ माणसांची उणीव नाही. पण त्यांपैकी फ्लॉरेन्सचा मॅकियाव्हेली मला विशेष उद्बोधक वाटतो. 1498 पासून चौदा वर्षे त्याने त्या प्रजासत्ताकाच्या कचेरीत चिटणिसी केली, वकिलाती केल्या, शहराचे स्वतःचे नागरिक-सैन्य उभारले. आणि 1512 साली मेदिची घराणे पुन्हा सत्तेवर येताच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला कामावरून दूर करण्यात आले. एवढ्यावर भागले नाही. ज्या वाड्यात त्याने उभी कारकीर्द घालवली त्या वाड्यात वर्षभर पाऊल टाकण्यास त्याला मनाई झाली. आणि मौज अशी की, ती मनाई सरकारलाच वेळोवेळी शिथिल करावी लागली, कारण सैन्यासाठी त्याच्या हातून जो पैसा खर्ची पडला होता त्याचा हिशेब समजावून देण्यास त्याच्यावाचून दुसरे कोणी नव्हते. ज्या माणसाला दाराबाहेर काढले त्यालाच वह्या उलगडण्यासाठी आत बोलवावे लागावे, यापेक्षा बोलका प्रसंग कपातीच्या संपूर्ण इतिहासात शोधून सापडणार नाही. पुढच्याच वर्षी कटाच्या संशयावरून त्याने तुरुंग आणि छळ सोसला, आणि सुटल्यावर तो शहराबाहेरच्या आपल्या शेतवाडीवर जाऊन राहिला.

तेथून त्याने दोन मार्ग चोखाळले. पहिला अर्जदाराचा. मेदिचींनी आपल्याला काही तरी काम द्यावे, मग ते धोंडा लोटण्याचे का असेना, अशा आशयाचे पत्र त्याने 1513 च्या डिसेंबरात आपल्या मित्राला लिहिले, आणि ‘प्रिन्स’ हा आपला प्रबंध लोरेन्झो दे मेदिची याला अर्पण केला. जगाच्या राज्यशास्त्रात त्या ग्रंथाने अढळ स्थान मिळवले. परंतु ज्या नोकरीच्या आशेने तो अर्पण झाला ती काही मिळाली नाही. दुसरा मार्ग काम करीत राहणाऱ्याचा. तो लिहीत राहिला, फ्लॉरेन्सच्या विद्वानांच्या मंडळात आपले विचार मांडीत राहिला, आणि 1520 साली त्याच मेदिचींच्या आश्रयाने फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिण्याची कामगिरी त्याच्याकडे चालून आली. अर्पणपत्रिकेने जे साधले नाही ते कामाने साधले. मात्र या कथेला तिसरा अंकही आहे, आणि तो विसरता कामा नये. 1527 साली मेदिची गेले, प्रजासत्ताक पुन्हा आले, आणि त्याच्या मूळ धन्याने जुन्या चिटणिसाला परत बोलावले नाही; मेदिचींशी त्याने जोडलेला संबंध आता त्याच्या आड आला असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो वारला. नाते कामाशी जडलेले असले तर ते धनी बदलला तरी टिकते. घराण्याशी जडले की घराण्याबरोबर बुडते.

याच्या उलट प्रकृतीचे उदाहरण आपल्या देशात आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी 1871 साली सनदी सेवेत दाखल झाले, सिल्हेट येथे सहायक मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले, आणि एका खटल्याच्या नोंदीतील दोषाचे निमित्त होऊन 1874 साली त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आले. त्यांनी विलायतेस जाऊन दाद मागितली, ती मिळाली नाही. बॅरिस्टर होऊ म्हटले तर तो दरवाजाही त्यांच्या तोंडावर लावण्यात आला. या मनुष्याने मिनतवारी केली नाही. तो परत आला, शिक्षक झाला, 1876 साली इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत पुढे झाला, ‘बेंगाली’ पत्रातून सरकारवर वर्षानुवर्षे टीका करीत राहिला, आणि 1895 साली पुण्यास भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. तरीही ज्या सरकारने त्याला कलंकित करून घालवले त्याच्याशी कायदेमंडळात, समित्यांत, सभागृहांत त्याचे बोलणे कायमचे बंद पडले नाही. आणि 1921 साली बंगालचा मंत्री म्हणून तो त्याच राज्ययंत्राच्या आत जाऊन बसला, व 1923 चा कलकत्ता म्युनिसिपल कायदा त्याच्या हातून झाला. देशभक्तांच्या नव्या पिढीला हे मंत्रिपद रुचले नाही आणि पुढच्या निवडणुकीत सुरेंद्रनाथ पराभूत झाले, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो. जुन्या धन्याशी व्यवहार ठेवण्यासाठी त्याने केलेल्या अन्यायावर पांघरूण घालावे लागत नाही, एवढे त्यांच्या चरित्राने निःसंशय सिद्ध केले आहे.

मोठ्यांच्या गोष्टी मोठ्या प्रमाणावर घडतात म्हणून त्या आपल्याला लागू नाहीत असे कोणी म्हणेल, तर त्याच्यासाठी एक लहानसा प्रसंग सांगतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यात मेंटेनन्सचे पर्यवेक्षक होते. मंदीच्या लाटेत त्यांना नारळ मिळाला. एक जुना प्रेस होता, त्याच्या खोडी या गृहस्थांखेरीज कोणाला ठाऊक नव्हत्या. तो अडला की जुन्या साहेबांचा फोन यायचा, आणि हे तासतासभर फुकट मार्गदर्शन करायचे; मनात हेतू असा की, अडकलेली ग्रॅच्युइटी तरी साहेब मार्गी लावतील. ती काही लागेना. शेवटी कोणाच्या सांगण्यावरून त्यांनी ग्रॅच्युइटीसाठी रीतसर अर्ज केला, पाठोपाठ स्मरणपत्र पाठवले, आणि रक्कम आली. त्यानंतर पुन्हा प्रेस बसला, पुन्हा फोन आला. हे म्हणाले, “येतो की साहेब. फक्त आधी वर्क ऑर्डर पाठवा, आणि गेटवर पास तयार ठेवा.” साहेब जरा दुखावले. “अहो, आता तुमच्याकडूनही कागदाची भाषा?” हे शांतपणे म्हणाले, “मला कमी केलंत तेव्हा तुम्हीही कागदच दिला होता ना, साहेब? चाललं की ते.” पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग दोघेही हसले. ज्या गेटवर त्यांनी वर्षानुवर्षे कार्ड पंच केले होते तेथे आता ते पाहुण्यांच्या रजिस्टरात नाव लिहून आत गेले. साहेबांनी स्वतः चहा मागवला, आणि पुढे त्या कारखान्याची वार्षिक देखभाल त्यांच्याकडेच आली. दोघांमधला सलोखा या दिवसापासूनचा. तोवर जे चालले होते ती एका बाजूची आशा आणि दुसऱ्या बाजूची सोय होती.

मालकाच्या बाजूनेही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण वर म्हटल्याप्रमाणे त्याला कोणी सांगत नाही. 1953 च्या त्या तरतुदींत असे एक कलम होते की, कपात केल्यानंतर मालक पुन्हा माणसे घेऊ लागला तर कमी केलेल्या कामगारांना त्याने संधी द्यावी आणि इतरांपेक्षा त्यांना प्राधान्य असावे. कायदेकर्त्यांनी कपातीकडे घटस्फोट म्हणून नव्हे तर सक्तीचा वियोग म्हणून पाहिले होते, असाच याचा अर्थ होतो. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने हे प्राधान्य एका वर्षाच्या मुदतीत बांधून टाकले; आणि जे लोक ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाहीत, म्हणजे आजचे बहुतेक व्यवस्थापक, त्यांना तर ते कधी नव्हतेच. म्हणजे जेथे कायद्याचा हात आखडतो तेथे मालकाच्या सभ्यतेची परीक्षा सुरू होते. ती फार अवघडही नाही. कारण खरे सांगावे. पैसा वेळेवर द्यावा. चारचौघांच्या देखत पहारेकऱ्यासोबत मनुष्याला दारापर्यंत पोहोचवू नये. अनुभवाचे पत्र मागण्याआधी तयार ठेवावे. आणि नव्या मालकाने विचारले तर कपातीच्या सोयीसाठी त्या माणसाच्या कामात दोष शोधू नयेत. एवढे जो करतो त्याला जुन्या माणसांनी नावे ठेवू नयेत म्हणून विनवण्या कराव्या लागत नाहीत. आणि मागे राहिलेले लोक हे सगळे बघत असतात. गेलेल्याशी मालक कसा वागला यावरून ते आपली पाळी कशी येईल याचा अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजानुसार काम करतात.

मागे राहिलेल्या या सहकाऱ्यांविषयीही थोडे. कपातीनंतर ते फोन करीत नाहीत, याचे दुःख गेलेल्याला पैशापेक्षा जास्त होते. परंतु त्यांच्या मौनाचे कारण बहुधा निष्ठुरता नसून संकोच असतो. आपण राहिलो आणि हा गेला, आता याच्याशी काय बोलावे, हे त्यांना सुचत नाही. येथे पुढाकार गेलेल्यानेच घ्यावा, कारण निर्णय त्या सहकाऱ्यांचा नव्हता आणि त्यांच्याकडे आपले येणेही काही नाही. मात्र त्यांच्याकडून आतल्या बातम्या काढू नयेत, त्यांना जुन्या मालकाविरुद्ध साक्षीदार करू नये, आणि हाती असलेली व्यवसायाची गुपिते नव्या धन्याच्या पायाशी नजराणा म्हणून ठेवू नयेत. कारण मग उद्या आपण त्याच्याशीही तसेच वागू, असे नवा धनी समजून चालतो.

इतके झाल्यावरही एखादा म्हणेल की, मला त्या उंबऱ्याकडे पुन्हा पाहायचेच नाही. त्याचाही अधिकार मान्य केला पाहिजे. ज्याला अपमानित करून काढले, ज्याच्या चारित्र्यावर खोटे किटाळ आणले, त्याने केवळ व्यवहारचातुर्य म्हणून हसत राहावे अशी अपेक्षा करणे क्रौर्याचे आहे. त्याने आपले येणे वसूल करावे, आपले कागद जपावे, विचारले असता खरे तेवढे सांगावे, आणि बाकी मौन पाळावे. एवढ्याने सभ्यतेचे सर्व ऋण फिटते. स्नेह हा देण्याच्या यादीत कधीच नसतो. नोकरीत असेपर्यंत आपण मालकाशी कधी बरोबरीने बोललेलो नसतो, कारण आपली भाकरी त्याच्या हातात असते. तो हात सुटल्यावर, आणि त्या हाताकडचे शेवटचे येणे पदरात पडल्यावर, प्रथमच दोघे समान पातळीवर उभे राहतात. त्या पातळीवरून संबंध ठेवायचा की नाही हे ज्याला कमी केले त्याने ठरवावे, आणि ठेवायचा ठरवला तर तो मागणाऱ्याच्या अदबीने न ठेवता आपले काम जाणणाऱ्याच्या ताठ मानेने ठेवावा.